गुन्हेगारीशास्त्र शिकावं का, कुठे, आणि पुढे काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यार्थिनी नांदेडला मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला गुन्हेगारीशास्त्रात एम.ए. करायचं आहे. घरचे म्हणतात यात नोकरी नाही, त्यापेक्षा एमपीएससीचा अभ्यास कर. मैत्रिणी म्हणतात फॉरेन्सिक घे, त्याला मागणी आहे. या विषयात नेमकं काय शिकवतात, कुठे शिकावं आणि शिकून काय करता येतं, असं तिने विचारलं आहे.

शिका, असंच मी सांगेन. मात्र दोन गोष्टी आधीच मनात पक्क्या करा. हा विषय एकट्याने हातात घेऊन बाहेर पडलात तर नोकरीच्या जाहिरातींत तुमच्या पदवीचं नाव क्वचित दिसेल. सोबत समाजकार्य, कायदा, मानसशास्त्र किंवा संख्याशास्त्र यांपैकी एकाचा भक्कम आधार हवा. आणि ज्या अभ्यासक्रमात तुरुंग, कोर्ट, पोलीस ठाणं, निरीक्षणगृह (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना ठेवतात ती जागा) यांपैकी कुठेही प्रत्यक्ष पाठवत नाहीत, तिथे प्रवेश घेऊ नका. मी याच विषयात एम.ए. केलं आणि त्यानंतर तुरुंगातले न्यायबंदी (खटल्याचा निकाल न लागलेले कैदी) आणि निरीक्षणगृहातली मुलं यांच्यासोबत काम करत आले. आता क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून प्रत्यक्ष कामाला, येणाऱ्या विद्यार्थ्यांकडेही बघते. पुढचं सगळं त्या अनुभवातून लिहिते आहे. प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ किंवा तपास अधिकारी याच प्रश्नाचं उत्तर वेगळं देईल.

आधी फॉरेन्सिकचं बोलू, कारण गोंधळ तिथेच होतो. रक्ताचा डाग कुणाचा, गोळी कोणत्या पिस्तुलातून सुटली, मृत्युपत्रावरची सही खरी का, मोबाइलमधून काय पुसलं गेलं, हे फॉरेन्सिक विज्ञान शोधतं. त्याला भारतात मोठी परंपरा आहे. बोटांच्या ठशांचा जगातला पहिला ब्युरो १८९७ साली कोलकात्यात सुरू झाला आणि ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. मागणी वाढते आहे हेही खरं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७६ (३) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे, आणि ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासनाच्या न्यायसहायक (फॉरेन्सिक) विज्ञान संस्था आहेत, राष्ट्रीय न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) विज्ञान विद्यापीठाची एक शाखा गोव्यात फोंड्याजवळ आहे. पण एम.एस्सी. फॉरेन्सिकला बहुतेक ठिकाणी विज्ञान शाखेची पदवी मागतात. तुमच्या बी.ए.ला जवळचं ते फॉरेन्सिक मानसशास्त्र. तिकडे जायचा विचार असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१० सालचा सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य हा निकाल आधी वाचा. नार्को, पॉलिग्राफ, मेंदूची विद्युत-आलेख चाचणी या गोष्टी माणसाच्या संमतीशिवाय करता येत नाहीत, असं त्यात स्पष्ट सांगितलेलं आहे. टीव्हीवर ज्या चाचण्यांना ब्रह्मवाक्य मानतात त्यांची कायद्यातली जागा किती मर्यादित आहे, हे त्यावरून कळेल.

गुन्हेगारीशास्त्राचे प्रश्न निराळे आहेत. कोणत्या वागण्याला गुन्हा ठरवलं जातं आणि ते कोण ठरवतं? गुन्हे करणारे अनेक, मग पकडले जातात ते विशिष्ट वस्त्यांमधलेच का? शिक्षा भोगून आलेला माणूस सुधारतो, बिघडतो, की फक्त म्हातारा होतो? ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हाती शेवटी काय पडतं? या प्रश्नांची उत्तरं प्रयोगशाळेत मिळत नाहीत.

पहिल्या सत्रात तुम्हाला चेझारे लोम्ब्रोसो भेटेल. हा इटालियन डॉक्टर. गुन्हेगार जन्मतःच तसा असतो आणि त्याच्या कवटीच्या, जबड्याच्या ठेवणीवरून तो ओळखता येतो, असं त्याने १८७६ सालच्या पुस्तकात मांडलं. वर्गात हे ऐकताना विद्यार्थ्यांना मौज वाटते आणि पुढचा धडा सुरू होतो. मला वाटतं महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने इथेच थांबावं. लोम्ब्रोसोच्या पुस्तकाच्या पाच वर्षं आधी, १८७१ साली, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला होता. माणसाने काही केलं असो वा नसो, त्याची जात यादीत आली की तो गुन्हेगार. १९११ च्या सुधारणेनंतर हा कायदा मुंबई इलाख्याला लागू झाला आणि पारधी, कैकाडी, भामटा अशा कित्येक समाजांच्या वाट्याला हजेरी, पास आणि तारेच्या कुंपणाआडच्या सेटलमेंट आल्या. सोलापूरची सेटलमेंट त्यांतली एक मोठी. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. आजही गावात चोरी झाली की पहिली धाड कोणत्या पालावर पडते हे तुम्ही मराठवाड्यात वाढलेल्या असाल तर मला सांगायला नको. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुकन्या शांता या पत्रकाराच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्त जमातींना सराईत मानणाऱ्या तुरुंग-नियमांवरही बोट ठेवलं. दीडशे वर्षांपूर्वीचा एक सिद्धांत तुरुंगाच्या नियमपुस्तिकेत कसा टिकून राहतो, हे इतकं स्पष्ट दाखवणारं दुसरं उदाहरण माझ्यापाशी नाही.

त्याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरणही आपल्याच मातीतलं आहे आणि ते पाठ्यपुस्तकांत फारसं येत नाही याची मला खंत वाटते. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. १९३९ साली औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने, शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी ती सुरू केली. भिंत नाही. कैदी शेती करतात, बायकामुलांसह राहतात. हा प्रयोग संस्थान विलीन झाल्यावरही बंद पडला नाही. राज्य कारागृह विभागाने तो पुढे चालवला. येरवडा, पैठण, मोर्शी इथली खुली कारागृहं त्याच विचाराची. कैद्याला कुलपाशिवाय ठेवलं तर तो पळून जाईल, हे सगळ्यांना इतकं उघड वाटतं की कुणी तपासत नाही. गुन्हेगारीशास्त्र ते तपासायला शिकवतं: कोणाला खुल्या कारागृहात पाठवतात, कोणत्या निकषांवर, तिथून सुटलेल्यांचं पुढे काय होतं, बंद कारागृहातून सुटलेल्यांच्या तुलनेत काय फरक पडतो. प्रबंधासाठी विषय शोधाल तेव्हा याचा विचार करा.

सिद्धांत बरेच शिकावे लागतात आणि त्यातले काही परीक्षेपुरतेच राहतात. पण एडविन सदरलँड नीट वाचा. गुन्हा हा इतरांच्या सहवासात शिकला जातो, असं त्याने सांगितलं. आपल्याकडे आया 'संगत' म्हणतात ते हेच, फक्त त्याने ती संगत किती काळ, किती वेळा, किती जवळची, हे मोजायला लावलं. त्याचं दुसरं काम मला अधिक मोलाचं वाटतं. १९३९ साली अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञांपुढे बोलताना त्याने प्रतिष्ठित लोकांच्या व्यवसायातल्या गुन्ह्यांकडे लक्ष वेधलं. तोवर गुन्ह्यावरची बहुतेक संशोधनं गरिबांवर होत होती. महाराष्ट्रात पतसंस्था आणि सहकारी बँका बुडाल्या तेव्हा निवृत्तीची सगळी पुंजी गमावलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्याने १९९९ साली एमपीआयडी कायदा केला. या फसवणुकीत गेलेली रक्कम आणि वर्षभरातल्या खिसेकापूंनी नेलेली रक्कम यांची तुलनाच होत नाही. तरी 'गुन्हेगार' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे खिसेकापूच उभा राहतो.

आकडेवारीचा पेपर टाळू नका. मानसशास्त्राच्या मुलांना संख्याशास्त्र थोडंफार येतं, त्याचा इथे फार उपयोग होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी गुन्ह्यांचा अहवाल काढतो. त्यात एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी सर्वांत गंभीर कलमाखालीच तो गुन्हा मोजला जातो. बलात्कार करून खून केला असेल तर तो नुसत्या बलात्काराच्या रकान्यात दिसत नाही. हे ठाऊक नसताना वर्तमानपत्रातला तक्ता वाचला तर निष्कर्ष चुकणारच. त्याहून मोठी गोष्ट ठाण्याच्या टेबलावर घडते. मारहाणीची तक्रार घेऊन गेलेल्या बाईची 'एनसी' (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करून तिला परत पाठवलं, मोबाइल चोरीला गेला असताना 'हरवल्याची नोंद' दिली, की आकडा कमी होतो आणि गुन्हा घडलेलाच राहतो. म्हणून एखाद्या जिल्ह्यात गुन्हे वाढले असं दिसलं की मी आधी विचारते: तिथे गुन्हे वाढले की नोंद घेणं सुधारलं? केरळचा गुन्ह्यांचा दर उंच दिसतो त्यामागे नोंदणीचा मोठा भाग आहे. कौटुंबिक हिंसेचं तर फार उघड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के जणींनी कुणाकडे तरी मदत मागितली होती, आणि तीही बहुतेकींनी माहेरी. पोलिसांपर्यंत पोचणाऱ्या अगदी मोजक्या. पोलिसांच्या आकड्यांवरून हिंसेचा अंदाज बांधणारा अहवाल वाचाल तेव्हा हे १४ टक्के आठवा.

आता माझ्या कामाबद्दल, कारण 'शिकून काय करता येतं' याचं खरं उत्तर तिथे आहे.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायबंदी, म्हणजे ज्यांच्यावरचा आरोप अजून सिद्ध झालेला नाही अशी. चारांतले तीन. त्यांतले बरेच जण जामीन मिळूनही आत असतात. बाहेरच्या माणसाला यावर विश्वास बसत नाही. न्यायाधीश जामीन मंजूर करतात, पण जामीनदार लागतो. त्याचं रेशनकार्ड, घरपट्टीची पावती किंवा सातबारा, पगारपत्रक, कधी तहसीलमधलं सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट, म्हणजे ऐपतीचा दाखला. बांधकामावर काम करणारा, परगावचा, भाड्याच्या खोलीतला माणूस हे कुठून आणणार? १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याला मध्य प्रदेशातल्या मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार आणायला सांगितलं आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भाऊ नाकारला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्यावर कडक निकाल दिला. तो निकाल आज जवळपास पन्नास वर्षांचा होत आला, आणि 'लोकल जामीनदार आणा' हे वाक्य मी अजून कोर्टाच्या व्हरांड्यात ऐकते.

अशा वेळी गुन्हेगारीशास्त्र शिकलेला कार्यकर्ता काय करतो? बॅरेकमध्ये जाऊन माणसाशी बोलतो. कैद्याला स्वतःचा केस नंबर ठाऊक नसतो, तो म्हणतो, "मॅडम, तारीख पडते, पण गार्ड येत नाही." गार्ड म्हणजे त्याला कोर्टात नेणारा पोलीस बंदोबस्त. मग ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं याची नोंद) बघायचा, वकील नेमलेला आहे का ते मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारायचं, घरी फोन लावायचा. बऱ्याचदा घरच्यांना तो कुठल्या तुरुंगात आहे हेच माहीत नसतं. कोर्टात रोख जामिनासाठी किंवा जामीनदाराची अट सौम्य करण्यासाठी अर्ज करायला वकिलाला कागद जमवून द्यायचे. कायदा ठाऊक असेल तरच यातलं काही होतं. उदाहरणार्थ, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या न्यायबंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याची सुटका व्हायला हवी. इतरांसाठी ही मुदत निम्मी आहे. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे यात येत नाहीत, आणि एकाहून अधिक प्रकरणं प्रलंबित असली तर हा लाभ अडतो. कोर्टाला कळवण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर टाकलेली आहे. केंद्र सरकारने २०२३ साली गरीब कैद्यांसाठी योजना आणली, तिच्यात न्यायबंद्याच्या जामिनासाठी पैशाची मदत मिळू शकते. या दोन्ही तरतुदी कागदावर आहेत तोवर आतल्या माणसाला त्यांचा उपयोग शून्य. यादी काढून, मुदत मोजून, अर्ज पुढे ढकलणारं कुणीतरी लागतं. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबई आणि आसपासच्या तुरुंगांत हेच करत आला आहे. तिथल्या कामातून अनेकांनी या क्षेत्राचं बाळकडू घेतलं.

बाल न्याय मंडळात तुमचं मानसशास्त्र थेट उपयोगी पडेल. विधिसंघर्षग्रस्त बालक, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं अठरा वर्षांखालचं मूल, मंडळापुढे आलं की परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) सामाजिक तपासणी अहवाल लिहितो. मी असे अहवाल खूप वाचले आहेत आणि कित्येकांत तीच वाक्यं असतात: वडील व्यसनी, आई धुणीभांडी करते, संगत वाईट, मुलाला मार्गदर्शनाची गरज. हे कुठल्याही मुलाबद्दल लिहिता येईल, म्हणून मंडळाला त्याचा उपयोग नाही. चांगला अहवाल विचारतो की शाळा कोणत्या इयत्तेत सुटली आणि त्या आठवड्यात काय घडलं होतं. मोटरसायकल चोरली त्या रात्री सोबत कोण होतं आणि त्यांची ओळख कशी झाली. घरात असा कोण आहे ज्याचा शब्द हा मुलगा मोडत नाही. शेवटचा प्रश्न मी ट्रॅव्हिस हर्शी या अमेरिकन गुन्हेगारीशास्त्रज्ञाकडून घेतला. त्याने १९६९ साली उलट बाजूने विचारलं होतं की बहुतेक लोक गुन्हा का करत नाहीत, आणि त्याचं उत्तर होतं बंध: माणसांशी, शाळेशी, कामाशी. मुलाची एक आजी किंवा एक गॅरेजवाला मामा सापडला की अहवालाची शिफारस बदलते. २०१५ च्या कायद्याप्रमाणे १६ ते १८ वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं: गुन्हा करण्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज, परिस्थिती. त्यावर मुलाचा खटला प्रौढासारखा चालेल का हे ठरतं. हे मूल्यमापन नीट करू शकणारी माणसं जिल्ह्याच्या गावी फार कमी आहेत. नांदेड, हिंगोली, परभणीला तर मी म्हणेन की तुमची वाटच बघत आहेत.

पीडितांचा विचार न करता या विषयाचं शिक्षण पुरं होत नाही. अत्याचारपीडित महिला आणि मुलांना मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत हिंसापीडित महिलांसाठी सखी केंद्रं आहेत, पोलिसांचे महिला-मुलांच्या तक्रारींसाठीचे भरोसा सेल आहेत, आणि त्यांच्याही आधी, १९८४ साली, टाटा संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला होता. तिथे बसणाऱ्या कार्यकर्तीला समुपदेशन, कायदा आणि ठाण्यातलं राजकारण तिन्ही यावं लागतं.

आता कुठे शिकायचं. देशातला पहिला विद्यापीठीय विभाग मध्य प्रदेशात सागर विद्यापीठात १९५९ साली सुरू झाला. तिथे गुन्हेगारीशास्त्र आणि फॉरेन्सिक दोन्ही आहेत. दक्षिणेत मद्रास विद्यापीठ आणि तिरुनेलवेलीचं मनोन्मणियम सुंदरनार विद्यापीठ संशोधनासाठी नावाजलेली. आपल्याला जवळचं धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ. दिल्लीत रोहिणीला राष्ट्रीय गुन्हेगारीशास्त्र व न्यायवैद्यक संस्था होती, ती आता न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. गांधीनगरला राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे, तिथला कल पोलीस आणि सुरक्षा यांकडे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत हा विषय समाजकार्याच्या अंगाने शिकवला जातो, क्षेत्रकार्य सक्तीचं असतं, आणि मी ज्या प्रकारच्या कामाबद्दल लिहिते आहे त्यासाठी माझी पहिली पसंती तीच. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेमार्फत होतात. अभ्यासक्रमांची रचना अलीकडे बदलते आहे, म्हणून त्या वर्षाची माहितीपत्रिकाच प्रमाण माना. मुंबईत राहणं परवडणार नसेल तर जवळच्या चांगल्या महाविद्यालयात एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करा, क्षेत्रकार्य तुरुंगात किंवा बाल न्याय मंडळात मागून घ्या आणि जोडीला इग्नूचा फौजदारी न्यायातला पदव्युत्तर डिप्लोमा करा. हा पर्याय दुय्यम मानू नका. महाराष्ट्रातल्या सरकारी जाहिरातींत 'एमएसडब्ल्यू' हे शब्द 'गुन्हेगारीशास्त्र' या शब्दापेक्षा कितीतरी अधिक वेळा येतात.

परदेशाबद्दल एवढंच. केंब्रिजची गुन्हेगारीशास्त्र संस्था १९५९ सालची, जगभर मान्यता असलेली. ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या एम.ए.ने संशोधनपद्धती उत्तम शिकता येतात, पण तिथली पोलीस-तुरुंग व्यवस्था शिकून इथे लगेच काम मिळेल असं नाही. इथे दोन-तीन वर्षं काम करून मग जा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिची चौकशी जरूर करा.

कोणत्याही विभागात प्रवेश घेण्याआधी तिथल्या मागच्या तुकडीच्या दोघांशी बोला. आठवड्यातून किती दिवस क्षेत्रकार्य असतं, कुठे, आणि तिथे त्यांच्यावर देखरेख करणारी व्यक्ती स्वतः त्या क्षेत्रात काम केलेली होती का, हे विचारा. 'आम्हाला एकदा तुरुंग दाखवायला नेलं होतं' असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. तुरुंग दाखवायला नेणं हे क्षेत्रकार्य नव्हे. कैद्यांना रांगेत उभं करून विद्यार्थ्यांना त्यांच्यासमोरून फिरवतात, तेव्हा मला तर फार वाईट वाटतं.

नोकऱ्या. घरच्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. 'गुन्हेगारीशास्त्रज्ञ' नावाचं पद तुम्हाला सहसा सापडणार नाही. पण परिविक्षा अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्षातले अधिकारी आणि समुपदेशक, सखी केंद्राची प्रशासक, संरक्षण अधिकारी, विधी सेवा प्राधिकरणांशी जोडलेली कामं, तुरुंगात काम करणाऱ्या संस्था, मृत्युदंडाच्या प्रकरणांत आरोपीच्या आयुष्याचा अभ्यास करून कोर्टापुढे मांडणारे गट, बँकांचे फसवणूक-तपास विभाग, अध्यापन, संशोधन, हे सगळं आहे. प्राध्यापकीसाठीच्या यूजीसी-नेट परीक्षेत गुन्हेगारीशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, त्यामुळे प्राध्यापकीचा मार्ग खुला आहे, मात्र विभागच कमी असल्याने जागा थोड्या. महिला व बालविकास विभागाखालच्या कित्येक जागा कंत्राटी आहेत, मानधन बेताचं आणि कधीकधी उशिरा येणारं. हे घरच्यांपासून लपवू नका. पहिली काही वर्षं पैशाची ओढाताण होते. नियमित पदांसाठी परीक्षा द्याव्याच लागतात.

एमपीएससी आणि हा विषय यांत वैर नाही. यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांत गुन्हेगारीशास्त्र नाही, पण समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि कायदा आहेत, आणि या तिन्हींचा पाया इथे तयार होतो. उद्या तुम्ही उपनिरीक्षक झालात आणि एनसी करायची की एफआयआर, या क्षणी वर लिहिलेलं काही आठवलं, तर या शिक्षणाचा तो मला सर्वांत आवडणारा उपयोग असेल.

या वर्षी करण्यासारखं बरंच आहे. नांदेडचं जिल्हा न्यायालय तुमच्या गावातच आहे. फौजदारी खटले खुल्या न्यायालयात चालतात. बलात्कार आणि पॉक्सोसारखी प्रकरणं आणि बाल न्याय मंडळाचं कामकाज सोडलं तर मागच्या बाकावर बसून ऐकायला मनाई नाही. वकिलाच्या ओळखीने गेलात तर समजावून सांगणारं कुणी सोबत असेल. मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात सकाळभर बसा आणि वहीत नोंदी करा: किती आरोपी आणले, किती जण व्हिडिओवर हजर झाले, किती जणांना स्वतःचा वकील होता, जामिनाच्या अर्जावर किती मिनिटं बोलणं झालं. कुणाचं नाव लिहू नका. अशा काही सकाळी गेल्यावर तुम्हाला हा विषय आवडतो की फक्त गुन्ह्यांवरच्या मालिका आवडतात, हे तुमचं तुम्हालाच कळेल. जोडीला भारतीय न्याय संहितेतल्या शिक्षांचं प्रकरण आणि नागरिक सुरक्षा संहितेतली अटक व जामिनाची कलमं वाचा. समाजसेवा ही शिक्षा आपल्या दंडसंहितेत पहिल्यांदाच आली आहे, ती कोर्टं कशी वापरतात हा तुमच्या पिढीचा संशोधनविषय आहे. हिंदी बोलायचा सराव ठेवा, आणि जमलं तर गोरमाटी (बंजारा) किंवा पारधी बोलीतली थोडी वाक्यं शिका. तुमच्या जिल्ह्यात अशी बोली येणारा कार्यकर्ता आणि न येणारा यांना बॅरेकमध्ये मिळणारी माहितीच वेगळी असते.

सुरक्षेबद्दल घरचे विचारतील. तुरुंगात काम करताना मला कैद्यांची भीती फारशी वाटली नाही; तिथे आपल्याला मदत करणारं माणूस म्हणून ओळखतात. थकवा दुसऱ्या बाजूने येतो. मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप असलेल्या माणसाचा जामीन-अर्ज आणि तसाच अत्याचार सोसलेल्या मुलीचा जबाब एकाच आठवड्यात वाचावा लागतो. झोप उडते, घरच्या पुरुषांकडे संशयाने बघायला होतं. यावर उपाय म्हणजे नियमित मार्गदर्शक बैठक, जिथे वरिष्ठांपुढे हे बोलता येतं. मुलाखतीला जाल तिथे पगाराइतकंच निःसंकोचपणे विचारा की अशी बैठक होते का आणि कोण घेतं.

सीयूईटी-पीजीचे अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात, तेव्हा कोर्टातल्या बैठका त्याआधी सुरू करा. आणि जिथे मुलाखत असेल तिथे 'मला गुन्हेगाराचं मन वाचायचं आहे' असं सांगू नका, निम्मे उमेदवार तेच सांगतात. ती वही घेऊन जा आणि जामिनाच्या अर्जांबद्दल बोला.